केळीच्या नावावर हक्क कोणाचा?



सावद्याच्या स्टेशनावरून केळी भरून दिल्लीकडे जाते, हे आपल्याला नवं नाही. रावेर, निंभोरा, सावदा ही नावं उत्तरेतल्या फळबाजाराला ठाऊक झाली ती केळीमुळेच. पण माल तिकडे उतरला, वखारीत गेला, पिकला आणि हातगाडीवर आला, की त्यावर आपल्या गावाची खूण राहत नाही. फार तर एखादा जुना गिऱ्हाईक त्याला ‘भुसावळचा केला’ म्हणतो. या वाटेत पुसल्या जाणाऱ्या नावाबद्दल आज मला बोलायचं आहे. कारण त्या नावावर आपला कायदेशीर हक्क आहे आणि तो आपण पुरता वापरत नाही.

नावाच्या हक्काचीच एक बातमी आठवा. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानला प्रादा कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचा सोहळा केला. तिथे चालणाऱ्या तरुणांच्या पायांत आपली कोल्हापुरी होती, पण कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. महाराष्ट्रभर चीड उसळली आणि ती योग्यच होती. कंपनीने प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं नंतर मान्य केलं. काही वकील जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचं म्हणणं असं की, कोल्हापुरी चपलेच्या नावाची भौगोलिक मानांकनाखाली नोंद झालेली आहे आणि त्या नोंदीचे मालक ठरलेले आहेत. तक्रार असेल तर त्यांनी स्वतः यावं.

हे ऐकून अनेकांना वाईट वाटलं. मला मात्र न्यायालयाचं बरोबर वाटतं. ही नोंद महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर या दोघांच्या नावावर आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रादाने करार केला तोही याच दोन महामंडळांशी. म्हणजे शेवटी बोलणी कोणाशी करावी लागली? ज्याच्या नावावर कागद आहे त्याच्याशी. समाजमाध्यमांवरच्या संतापाने कंपनीला जाग आणली हे खरं, पण टेबलाच्या समोरच्या बाजूला बसला तो नोंदणीकृत मालक.

आता आपल्याकडे या. ‘जळगाव केळी’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या जिल्ह्यातल्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावावर ती नोंद आहे. आपल्या भरिताच्या वांग्यालाही हाच मान मिळालेला आहे. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्याच तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली, तेव्हा केंद्र सरकारने ती बातमी देशभर दिली. अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकनाचं प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी काम सुरू झालं, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते संपलं असं समजून टाळ्या वाजवल्या.

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. बौद्धिक संपदेच्या इतर हक्कांपेक्षा त्यातला हक्क वेगळा आहे आणि शेतकऱ्याला फार सोयीचा आहे. पेटंट २० वर्षांनी संपतं. लेखकाच्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. भौगोलिक मानांकनाचं मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर त्याला शेवट नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा हक्क विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढतो, या नावावर चढत नाही. नोंद केलेला शेतकरी गेला तर हक्क त्याच्या वारसाकडे जातो. कितीही मोठी कंपनी पैशाची थैली घेऊन सावद्यात आली, तरी हे नाव तिला विकत घेता येणार नाही. शेतकऱ्याच्या बाजूने इतकं ठाम उभं राहणारे कायदे आपल्या देशात मोजकेच आहेत.

पण त्यात एक पायरी आहे आणि तिथेच आपण अडतो. नोंद संस्थेच्या नावावर असते. ते नाव आपल्या मालावर लावण्याचा हक्क मिळवायचा, तर प्रत्येक उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात होते. पूर्वी तिला ५०० रुपये शुल्क होतं. २०२० मध्ये नियम बदलले आणि ते १० रुपयांवर आलं. दहा रुपये! अशी नोंदणी झाली की गैरवापराविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार संस्थेबरोबर त्या शेतकऱ्यालाही मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने कोल्हापुरीच्या बाबतीत ‘हक्कदार कुठे आहे’ असं विचारलं. उद्या जळगाव केळीच्या बाबतीत तोच प्रश्न आला, तर ‘हा मी’ म्हणून उभा राहणारा शेतकरी रावेर, यावल, चोपड्याच्या गावागावांत असला पाहिजे. खोटं मानांकन लावणाऱ्याला या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. पण तक्रार करायला कोणी पुढे आलंच नाही, तर ते कलम पुस्तकातच राहील.

काही जण मला विचारतात, आणि प्रश्न खरा आहे, की यात आपलं असं काय? आपण लावतो ती ग्रँड नैन ही जात परदेशातून आली. ती कॅव्हेंडिश घराण्यातली. हे कॅव्हेंडिश नाव पडलं इंग्लंडमधल्या एका सरदार कुटुंबावरून, ज्यांच्या चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने १८३०च्या दशकात ही केळी वाढवली. टिश्यू कल्चरचं रोप सावद्यात लावा, सोलापूरच्या करमाळ्यात लावा, आंध्रात लावा, रोप तेच. शेजारच्या बऱ्हाणपूरची जमीनही तापीकाठचीच. मग जळगावच्या नावाला वेगळी किंमत का?

माझं उत्तर असं. रोप कोणाचंही असो, कांदेबाग केव्हा लावायची आणि मृगबाग केव्हा, नवतीनंतर पिलबाग ठेवायची की मोडायची, मे महिन्याच्या ४५ अंशांच्या झळांत घड कसा वाचवायचा, वादळाच्या आधी बांधणी कशी करायची, ठिबकाने पाणी किती द्यायचं, हे ज्ञान इथल्या माणसांचं आहे. ते पिढ्यांनी कमावलं आणि जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या उद्योगाने आणलेल्या तंत्राशी जोडून घेतलं. रोपावर पेटंट मागण्याचा इथे प्रश्नच येत नाही. कायदा इथे रोपाला नाही, जागेला आणि हातांना ओळखतो. बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याला वाटत असेल की रेघ राज्याच्या सीमेवर ओढून मातीवर अन्याय झाला, तर त्याने आपल्या नावासाठी झगडावं. त्याचा मला आदर आहे. पण म्हणून आपण आपलं नाव मोकळं सोडायचं नाही.

कायदा म्हटलं की शेतकऱ्याला धाक वाटतो, तोही समजण्यासारखा आहे. २०१९ मध्ये गुजरातमधल्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिको कंपनीने दावे लावले, काहींकडून तर प्रत्येकी एक कोटी पाच लाखांची भरपाई मागितली. कारण काय, तर कंपनीने नोंदवलेल्या जातीचा बटाटा त्यांनी लावला. देशभरातून आवाज उठला आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. त्या जातीची नोंदणी २०२१ मध्ये रद्द झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती रद्द करण्याचा निर्णय फिरवला. कोर्टाचं चाक असं मागेपुढे फिरतं. पण त्या शेतकऱ्यांना आधार दिला तो २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाने. बियाणं राखून ठेवणं, पेरणं, वाटणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे, फक्त कंपनीच्या छापाचं बियाणं म्हणून ते विकता येत नाही. हे कलम माहीत असलेला शेतकरी नोटीस आली म्हणून घाबरत नाही.

आता मालाकडे बघू. निर्यातीची केळी खोक्यात जाते, खोक्यावर नाव छापता येतं. पण बोर्डाच्या भावाने ट्रकमध्ये सुटी भरली जाणारी केळी उत्तरेच्या बाजारात दुसऱ्या भागांच्या मालात मिसळते, आणि नाव सुटतं ते तिथे. फणीवर एक छोटी चिठ्ठी, तिच्यावर मोबाइलने वाचता येणारी खूण, त्यात गाव, शेतकरी आणि कापणीची तारीख, एवढं तंत्र आज कोणत्याही शहरी दुकानात दिसतं. ते इथे आणण्याचं काम एकट्या दोन एकरवाल्याचं नाही. आपल्या फ्रूट सेल सोसायट्यांनी आणि शेतकरी कंपन्यांनी ते अंगावर घेतलं पाहिजे. सगळा माल लगेच नावाने जाणार नाही, हे मला दिसतं. पहिल्या प्रतीच्या मालापासून सुरुवात करावी. नाव लावलं की दुसऱ्या दिवशी भाव वाढेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गिऱ्हाईक नाव ओळखायला वेळ घेतो. हापूसच्या मानांकनासाठी कोकणातल्या बागायतदारांनी कित्येक वर्षं लढा दिला, २०१८ मध्ये ते मिळालं, आणि परक्या आंब्याला हापूस म्हणून विकणाऱ्यांशी ते आजही भांडत आहेत. त्यांचा चिवटपणा आपण घ्यावा.

सावदा, फैजपूर, निंभोरा आणि आजूबाजूच्या गावांतल्या केळी उत्पादकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपला सातबारा आणि ओळखपत्र घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात जा, अधिकृत वापरकर्ता नोंदणीची चौकशी करा, अर्ज भरा, आणि एकटे जाऊ नका, शेजारच्या दहा शेतकऱ्यांना बरोबर न्या.