टेप कुठून धरला?



मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला गटाने प्रकल्प करायचा होता. पाच जण, एक गाव, एक विषय आणि पाचांच्या नावावर एकच अहवाल. आमच्या वाट्याला पुरंदर तालुक्यातलं एक गाव आलं. विषय होता विहिरींच्या पाण्याची पातळी.

पुरंदरची अंजिरं आणि सीताफळं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. पण हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, आणि त्या बागा बऱ्याचशा विहिरींवरच उभ्या आहेत. खाली सगळा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा कातळ स्वतः पाणी धरत नाही. पाणी सापडतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि पाषाणाच्या सांध्या-भेगांत. त्यामुळे एका विहिरीला पाणी आणि शेजारची कोरडी, असंही इथे होतं. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढे याच माहितीने माझी दिशाभूल केली.

पहिल्या दिवशी आम्ही काय केलं? भाऊ वेगळे निघताना शेत वाटून घेतात, तसा प्रकल्प वाटून घेतला. दोन-दोन जणांच्या दोन जोड्या विहिरी मोजणार, पाचवी मैत्रीण तक्ते करणार, आणि एका जोडीत असूनही प्रस्तावना आणि निष्कर्ष मी लिहिणार. एकमेकांच्या कामात कोणी डोकवायचं नाही. आम्हाला तेव्हा हेच उत्तम नियोजन वाटत होतं.

पाचव्या मैत्रिणीकडे तक्ते गेले, त्यामागे आमची थोडी नाराजीही होती. तिच्या गावाला जाणारी शेवटची एसटी साडेचारला सुटायची, आणि सकाळची पहिली गाडी तिला कॉलेजात पोचवायची तेव्हा आम्ही मळ्यात असायचो. विहिरी मोजाव्या लागत भल्या पहाटे. शेतीची लाईट पाळीने येते आणि मोटर सुरू झाली की पाणी खाली जातं, म्हणून लाईट यायच्या आत माप घ्यायचं. तिला ते जमणार नव्हतं. आम्ही थंडीत कुडकुडत फिरतो आणि ही सावलीत बसून आकडे भरते, असं आम्ही आपसात बोललो होतो. मीही बोलले होते.

मोजायची पद्धत सोपी आहे. पोलादी टेपच्या खालच्या भागाला खडू फासायचा, टोकाला वजन बांधायचं आणि टेप विहिरीत सोडायचा. कडेवर ठरलेला आकडा धरायचा, समजा 8 मीटर. वर ओढल्यावर खडू जिथपर्यंत ओला झालेला असेल तो आकडा, समजा 65 सेंटिमीटर, आठातून वजा करायचा. पाणी 7.35 मीटरवर. चार सकाळींत 22 विहिरी झाल्या. त्या चार सकाळींत मला मिळालेले शब्द कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. एका आजोबांनी विहिरीची खोली परसांत सांगितली. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. मोटेच्या काळातली बैलांची धाव त्यांनी दाखवली, तिच्यावर आता शेवरी वाढली होती. 1972च्या दुष्काळात ही विहीर आणखी खाली नेली, तेव्हा ते स्वतः सुरुंगाच्या खड्ड्यावर होते. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. टेप कुठून धरला, तेवढं मात्र आमच्यातल्या कोणीच लिहिलं नाही.

दोघा भावांच्या दोन विहिरी होत्या, मध्ये फक्त बांध. एकीचं पाणी 6.40 मीटरवर, दुसरीचं 7.35 मीटरवर. तक्ता हातात आल्यावर मी निष्कर्षात एक अख्खा परिच्छेद लिहिला: पाषाणातल्या भेगा सलग नसल्याने शेजारच्या विहिरींतही पातळी कशी बदलते, वगैरे. परिच्छेद चांगला उतरला होता. पुस्तकात आहे तसं घडताना आपण पाहिलं, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

तक्ते करणाऱ्या मैत्रिणीने तो वाचला आणि विचारलं, "एवढासा बांध ओलांडला की पाणी दोन हात खाली जातं? तुम्ही दोन्हीकडे टेप कुठून धरला होता?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. एका जोडीने जमिनीच्या कडेपासून मोजलं होतं. दुसरीने, म्हणजे आम्ही, कठड्याच्या माथ्यावरून. दुसऱ्या भावाच्या विहिरीला कठडा होता. पुढच्या आठवड्यात जाऊन मोजला, तो 95 सेंटिमीटर भरला. 7.35मधून वजा केल्यावर उरले 6.40. दोघा भावांचं पाणी एकाच पातळीला होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक झाली याचं वाईट वाटलंच, पण चुकीला मी इतकी सुंदर कारणं शोधली होती, याची भीती जास्त वाटली. वाटण्या झाल्यामुळे माझ्यापर्यंत नुसता आकडा आला होता. आणि जिला आम्ही बाजूला बसवलं होतं, तिने विहीर पाहिली नसल्यामुळे आकड्याला प्रश्न विचारला. कठड्यावर ओणवून ज्यांनी पाणी पाहिलं होतं, त्या आम्हा चौघांना आपल्या आकड्यांबद्दल शंकाच उरली नव्हती.

कठडे मोजायच्या त्या फेरीला आम्ही रविवार निवडला होता. मैत्रिणीच्या वडिलांनी तिला मोटारसायकलवरून पहाटे आणून सोडलं. सगळ्या विहिरींचे कठडे मोजले. तीन विहिरींच्या बाबतीत आधीचं माप कुठून घेतलं होतं हे कोणालाच खात्रीने आठवेना. त्या तीन नकाशावरून काढल्या. नकाशात 19 विहिरी राहिल्या, आणि का, ते अहवालात लिहिलं. यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. गुण जातील, असं दोघांचं म्हणणं होतं. तसं वाटणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पाचांचे गुण एकत्र बांधलेले असतात तेव्हा एकाच्या प्रामाणिकपणाची किंमत पाचही जण मोजतात. शेवटी मत घेतलं. तीन विरुद्ध दोन.

तोंडी परीक्षेत सरांनी मला निष्कर्ष विचारला नाही. म्हणाले, "तुझं राहू दे. तक्त्याचा चौथा रकाना कशाचा, ते सांग." चौथा रकाना कठड्याच्या उंचीचा होता. तो मला समजावता आला. महिनाभर आधी आला नसता. मैत्रिणीला त्यांनी खडूचा टेप हातात देऊन मोजून दाखवायला लावलं. तिने त्या रविवारी सहा विहिरी स्वतः मोजल्या होत्या.

आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षं नोंदवते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, त्याच विहिरी. मोजणारी माणसं बदलतात, निवृत्त होतात, तरी मेचा आकडा ऑक्टोबरच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. आधी मला हा नुसता तक्त्यांचा ढीग वाटायचा. आता त्यातला एखादा आकडा दिसला की पहाटे विहिरीवर वाकलेला कोणीतरी दिसतो, आणि त्याच्या आधी येऊन गेलेला दुसरा कोणीतरी.

आमचा निकाल केव्हाच लागला. पण ऑक्टोबरमध्ये आम्ही पाचही जण पुन्हा त्या गावी गेलो, पावसानंतरची पातळी घ्यायला. दोघा भावांच्या विहिरी बऱ्याच वर आल्या होत्या, पुन्हा जवळजवळ एका पातळीला. मालकांना विचारून प्रत्येक विहिरीवर टेप धरायच्या जागी तांबड्या रंगाची बोटभर खूण केली. आता मे महिन्यात आमच्या मागच्या वर्गातली मुलं जाणार आहेत. त्यांना वही दिली आहे. तिच्या पहिल्या पानावर 22 खुणा कुठे आहेत ते लिहिलंय, मैत्रिणीच्या अक्षरात.