राहून गेलेले बोलपट

सन २०२५ मध्यें १५ ऑगस्ट शुक्रवारीं आला. दुसऱ्या दिवशीं गोपाळकाला, तिसऱ्या दिवशीं रविवार. अशी सलग सुटी मिळाली कीं मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून एक बेत हमखास ठरतो : वर्षभर राहून गेलेले बोलपट आणि मालिका एकदांच्या पाहून टाकावयाच्या. ‘पाहून टाकणें’ हा शब्दप्रयोगच लक्षांत घेण्यासारखा आहे. थकलेलें देणें फेडावें तशी त्यांत घाई आहे.

पेणला त्याच तीन दिवसांत मान वर करावयास सवड नव्हती. गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. पेण शहरांत आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गांवीं गणपतीचे कारखाने आहेत; चतुर्थी तोंडावर आली कीं तेथें रंगकाम आणि डोळ्यांची आखणी यांची एकच धांदल उडते. आखणी करणाऱ्याच्या हाताला कंप आलेला चालत नाहीं. त्याची सुटी कारखाना रिकामा झाल्यावर. पंचांगांत ती कोठें छापलेली नसते.

अशा माणसाला पूर्वीं बोलपट गांठणें कठीणच होतें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें आणि पुढें आठवड्याचा चित्रपट ठराविक सायंकाळीं लागूं लागला. चुकला तो चुकला. हातीं कुंचला असलेल्यासाठीं दूरदर्शन थांबत नसे. (त्याहि आधीं, १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला; तेव्हां चित्रच प्रेक्षकाची वाट पाही, असें म्हणावयास हरकत नाहीं.) आतां मध्यरात्रींहि हवें तें चित्र मोबाईलवर हजर असतें. उशिरा सवड मिळणाऱ्या कारागिराचें यांत हित आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

मात्र त्या ठराविक सायंकाळीं ज्या घरीं संच असे तेथें शेजार जमे. मुलें पुढें जमिनीवर, वडीलधारीं मागें. चित्र संपलें तरी मंडळी लगेच उठत नसत; नायकाचें चुकलें कीं नायिकेचें, हा वाद ओटीवर चालूं राही. एकट्याला मोबाईलशीं वाद घालतां येत नाहीं.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ सालीं आला. ‘श्यामची आई’ नंतर राष्ट्रीय सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळविणारा तो पहिला मराठी चित्रपट. कोंकणांतला एक आजोबा नातवाला शहरांतील रुग्णालयांत आणतो. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग; प्राण वाचवावयाचे तर दृष्टि जाणार. शस्त्रक्रियेपूर्वीं आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर घेऊन जातो आणि पाहतां येईल तेवढें जग दाखवितो. मूर्तीचे डोळे रेखून दमलेल्या माणसानें चतुर्थीनंतर हें चित्र पाहिलें, तर पाठोपाठ दुसरें लावणें त्याला जड जाईल. यंत्राला तें जड जात नाहीं. तें पांचसात सेकंद मोजतें आणि पुढचें चित्र आपणहून सुरू करतें. बंद करण्याची कळ तेवढ्यांतच हातीं लागावी लागते.