माया सोडून बेतलेलें कापड



मीं आयुष्यभर शाळेंत गणित आणि मराठी शिकविलें. पोशाखाची रचना, म्हणजे जिला फॅशन डिझाइन म्हणतात ती, हा कांहीं माझा विषय नव्हे. परंतु माझी नात या शिक्षणाच्या पहिल्या वर्षांत आहे. सुटींत तिनें घरीं मांडलेला पसारा पाहतां पाहतां, नवशिका विद्यार्थी कसा शिकतो याविषयींच्या माझ्या जुन्या समजुती एकेक करून उसवत गेल्या.

मला वाटे, या विद्येंत आधीं सुंदर चित्र काढावयाचें आणि मग तें शिंप्याच्या हवालीं करावयाचें. पण नवशिक्याची खरी परीक्षा चित्र संपल्यावर सुरू होते. कापड सपाट, शरीर गोलाईचें! सपाट कापडाला गोलाई आणण्यासाठीं कोठें चिमटा घालावा, कोठें चुण्या घ्याव्या, हें चित्र सांगत नाहीं. म्हणून विद्यार्थी प्रथम मापें घेऊन कागदावर आराखडा आखतात, त्यावरून स्वस्त मांजरपाटाचा कच्चा पोशाख शिवतात आणि तो पुतळ्यावर चढवून पाहतात. चूक व्हावयाची ती मांजरपाटावर होते, रेशीम वांचतें.

नातीनें शिवलेली पहिली बाही हात उचलतांच काखेंत ओढूं लागली. मी सवयीनें म्हणालों, "चुकलीस!"

"हो आजोबा," ती म्हणाली, "पण कुठें चुकलें तें आतां दिसतंय."

तिनें टांके उसवले, कागदावरची रेघ बदलली, पुन्हा कापड बेतलें. तिसऱ्या खेपेस बाही नीट बसली.

कापड उभ्या धाग्याला धरून कापलें तर सरळ लोंबतें. उरेब कापलें तर ताणतें आणि अंगासरशीं वळतें. हें वाक्य वहींत उतरून घेतां येतें, पण उमजतें तें कापड स्वतःच्या हातानें ओढून पाहिल्यावरच. उरेब कापणीसाठीं नांवाजलेल्या फ्रेंच रचनाकार मादलेन व्हियोने (१८७६–१९७५) बालपणींच शिवणकामाच्या उमेदवारीस लागल्या होत्या. नांव झाल्यावरही त्या आपली कल्पना आधीं लहानशा लाकडी पुतळ्यावर कापड लपेटून पारखून घेत. जाणत्यांनाही जें चुकत नाहीं, तें नवशिक्यांना कसें चुकावें?

हें पाहतांना मला माझा वर्ग आठवला. एका मुलाचा निबंध मीं सर्वांपुढें वाचून दाखविला आणि त्यांतील चुकांवर हंशा पिकविला. त्यानंतर वर्षभर त्या मुलानें चार ओळींपलीकडे कधीं लिहिलें नाहीं. मीं त्याची चूक दाखविली, पण उसवून पुन्हा शिवण्यास अवसर दिला नाहीं. त्याला मांजरपाट न देतां एकदम रेशमावरच कात्री चालवावयास लावली, आणि कापड वायां गेलें म्हणून हंसलों.

शिंपी कापड बेततांना शिवणीबाहेर थोडें अधिक कापड सोडतो. त्याला आपल्या भाषेंत 'माया' म्हणतात. माया असली तर अंगास घट्ट झालेला कपडा पुढें सैल करतां येतो. नसली तर उत्तम शिवणही कामास येत नाहीं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलों. त्याचा अर्थ मात्र निवृत्तीनंतर नातीच्या कात्रीनें शिकविला.

आपल्या घरांत कोणी नवशिकें असेल, मग तें शिवण शिकत असो, गाणें शिकत असो कीं अक्षरें गिरवीत असो, त्याच्या हातची कात्री काढून घेऊं नका. त्याला मांजरपाट द्या, आणि बेततांना थोडी माया सोडा.