चार्ल्स किंग्सली : एका विरोधकाचें स्मरण

आम्ही एका विरोधकाचें स्मरण करूं इच्छितों. १८१९ सालीं जन्मलेले चार्ल्स किंग्सली हे १८४४ पासून मरणापर्यंत इंग्लंडांतील एव्हर्स्ली गांवचे अँग्लिकन धर्माधिकारी होते. ‘आल्टन लॉक’ (१८५०) या कादंबरींत त्यांनीं शिंप्यांची हलाखी, तर ‘वॉटर बेबीज’ (१८६३) मध्यें धुरांडीं साफ करणाऱ्या बालकाचें दुःख मांडलें.

गरिबांचा हा कैवारी कॅथलिकांविषयीं मात्र न्यायी राहिला नाहीं. रोमन धर्मगुरूंना सत्याची चाड नाहीं, असें १८६४ सालीं लिहून त्यांनीं फादर न्यूमन यांचें नांव घेतलें. न्यूमन यांनीं उत्तरादाखल आपल्या धर्ममतांचा सारा वृत्तांत ‘अपोलोजिया’ ग्रंथांत उघड केला, आणि अनेक प्रॉटेस्टंट वाचकांचीं मनें निवळलीं. या आरोपामुळेंच आपणांस बाजू मांडण्याची संधि मिळाली, ही ईश्वरी योजनाच, असें न्यूमन मानीत.

१८७५ सालीं किंग्सली वारल्याचें कळतांच न्यूमन यांनीं त्यांच्या आत्म्यासाठीं मिस्साबलिदान अर्पण केलें. त्याच न्यूमन यांना २०१९ सालीं संतपद मिळालें.

बंधुभगिनींनो, आपणांस दूषण देणाऱ्यांचीं नांवेंही आज आपण वेदीपाशीं नेऊं या.