सवलत आणि बचत

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला जो विषय दिला आहे तो एखाद्या व्यापाऱ्याला किंवा हिशेबनिसाला शोभणारा आहे. मी तर भाषा आणि इतिहास शिकवणारा शिक्षक. पण गेल्या वर्षी गणिताचे सर रजेवर असताना आठवीचा एक तास माझ्याकडे आला. धडा होता सूट, कमिशन आणि रिबेटचा. मी फळ्यावर उदाहरण घातले : छापील किंमत हजार रुपये, सूट शेकडा वीस, तर ग्राहकाचे किती वाचले? सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "दोनशे!" तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे दोनशे रुपये घरी कुठे दिसतात? आमच्या घरी सूट खूप मिळते, पण पैसे कधी दिसत नाहीत."

वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण माझ्या घरीही ते दिसत नव्हते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे आजचे हे चार शब्द.

प्रथम माझीच गोष्ट सांगतो. रमजान ईदच्या खरेदीला आम्ही शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. आठशे रुपयांचे कपडे झाले होते. हजाराची खरेदी पूर्ण केल्यास दोनशेचे कूपन, असे कळले. म्हणून आणखी दोनशेची भर घातली. कूपन हाती आले. त्यावर बारीक अक्षरात दोन अटी होत्या : मुदत पंधरा दिवस, आणि पुढची खरेदी किमान हजाराची. कूपन वाया जाऊ नये म्हणून आम्ही पुन्हा गेलो आणि गरज नसलेल्या चादरी घेऊन आलो. आता हिशेब मांडा. आधी हजार दिले, नंतर आठशे दिले. दोन हजारांच्या मालाला अठराशे गेले, म्हणजे सूट वीस टक्के नव्हे, दहा टक्केच झाली. आणि जिथे आठशेत काम भागणार होते तिथे खिशातून हजार रुपये जास्त गेले. जून महिन्यात मुलाच्या पुस्तकांसाठी मला एका सहकाऱ्याकडे हात पसरावा लागला, तेव्हा त्या चादरी घडी न मोडता कपाटात पडून होत्या.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की सवलत निराळी आणि बचत निराळी. सवलत दुकानदार देतो. बचत आपली आपल्याला करावी लागते. जी वस्तू आपण घेणारच होतो, ती त्याच प्रतीची कमी पैशात मिळाली आणि उरलेला पैसा बाजूला ठेवला, तरच ती बचत झाली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे शेकडेवारीचे गणित इथे फार उपयोगी आहे. "वीस टक्के आणि त्यावर आणखी दहा टक्के" म्हणजे तीस टक्के नव्हे. शंभराचे ऐंशी झाले आणि ऐंशीवर दहा टक्के म्हणजे आठ, म्हणून एकूण सूट अठ्ठावीस. "दोनवर एक मोफत" म्हणजे सुमारे तेहतीस टक्के सूट, पण तीन वस्तू लागत असतील तरच. "त्याच किमतीत वीस टक्के जास्त माल" म्हणजे सुमारे सतरा टक्केच सूट. आणि "पन्नास टक्क्यांपर्यंत सूट" या पाटीवर सर्वांत मोठा अर्थ 'पर्यंत' या सर्वांत लहान अक्षरात छापलेल्या शब्दात असतो. एखाद्या कोपऱ्यातल्या चार वस्तूंवर पन्नास टक्के आणि बाकी सगळ्या दुकानावर पाच टक्के, तरी ती पाटी टिकते.

दुसरी गोष्ट भाव ताडून पाहण्याची. पाकिटावर जी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते ती सर्व करांसह असते. 'कमाल' म्हणजे त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्यापेक्षा कमी घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून छापील किंमत हीच खरी किंमत असे समजू नये. एकच वस्तू दोन दुकानांत दोन भावांना मिळते. परदेशांत काही मोठी दुकाने "दुसरीकडे स्वस्त असेल तर आम्हीही तोच भाव देऊ" असे जाहीर करतात. आपल्याकडे अशी पाटी क्वचित दिसते, पण वाण्याला किंवा उपकरणांच्या दुकानदाराला आदबीने विचारले तर तो पुष्कळदा भाव जुळवून देतो. मात्र विचारताना नाव-नंबर तोच आहे ना, हमीची मुदत तीच आहे ना, घरपोच आणण्याचा खर्च धरला आहे ना, हे पाहा. आणि दुसऱ्या दुकानाचा भाव खराच सांगा. चार पैशांसाठी खोटा भाव सांगणे ही बचत नव्हे.

मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते हाही एक समज आहे. समजा, अडीचशे ग्रॅम चहा १४० रुपयांना आहे आणि पाचशे ग्रॅमचे पाकीट "वीस रुपये सूट" देऊन २९० रुपयांना आहे. लहान पाकिटात ग्रॅमला ५६ पैसे पडतात, मोठ्यात ५८. म्हणजे सवलतीचे पाकीटच महाग! २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पाकिटावर दर ग्रॅम, किलो, मिलिलिटर किंवा लिटरमागे किंमत छापण्याची तरतूद आली. माझ्या भगिनींना विनंती आहे की पाकिटावरची ती बारीक ओळ मुलांकडून वाचून घ्या. मुलांचे गणितही होईल आणि घराचा हिशेबही.

ताडून पाहण्याचा सर्वांत मोठा फायदा औषधांत आहे. औषधाचा मूळ घटक एकच, पण कंपनीचे नाव बदलले की किंमत बदलते. २००८ साली केंद्र सरकारची जनऔषधी योजना सुरू झाली. त्या केंद्रांत मूळ घटकाच्या नावाने औषधे बाजारभावापेक्षा बरीच कमी किमतीत मिळतात. ज्या घरात मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी रोज लागते, तिथे दरमहाचा फरक लहान नसतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बदलू नये, पण विचारायला संकोच करू नये.

तिसरी गोष्ट हप्त्यांची. यात आपल्या समाजातल्या पुष्कळांना व्याजाचा प्रश्न सतावतो, म्हणून "बिनव्याजी हप्ते" ही पाटी दिसली की मनाला हायसे वाटते. पण इथेही हिशेब मांडा. समजा, एका शीतकपाटाची किंमत २४,००० रुपये आहे. रोख देणाऱ्याला ते २२,५०० ला मिळते. हप्त्याने घेणाऱ्याला ही सूट नाही. त्याने दरमहा दोन हजारांचे बारा हप्ते द्यायचे, शिवाय कागदपत्रांचा खर्च ५०० आणि त्यावर १८ टक्के कर म्हणजे ९० रुपये. एकूण झाले २४,५९०. रोखीपेक्षा २,०९० रुपये जास्त. हे पैसे कशाचे? नाव काहीही द्या. हप्ते दरमहा फिटत जातात हे लक्षात घेऊन काढले तर त्याचा वार्षिक दर सुमारे सतरा टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये बँकांना काढलेल्या परिपत्रकात हेच दाखवून दिले होते की शून्य टक्के म्हणवणाऱ्या योजनांत व्याज पुष्कळदा दुसऱ्या खर्चाच्या नावाखाली दडलेले असते. म्हणून हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : "आज सगळे पैसे रोख दिले तर कितीला द्याल?" या एका प्रश्नाने पाटीवरचे 'शून्य' किती खरे ते कळते.

आता हक्कांविषयी थोडे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. जाहिरातीत सूट दाखवून गिऱ्हाईक ओढायचे आणि माल पुरेसा ठेवायचाच नाही, अशा आमिषाच्या जाहिरातींविषयी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या. मोबाईलवर खरेदी करताना "फक्त दहा मिनिटे उरली" अशी खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू गुपचूप यादीत घालणे, शेवटच्या पायरीवर नवा खर्च दाखवणे, असे तेरा प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांत अनुचित ठरवले आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. पण या सगळ्याचा पाया म्हणजे बिल. "बिल नको असेल तर आणखी शंभर कमी करतो" ही सवलत कधी घेऊ नका. त्या शंभर रुपयांत आपण आपला हक्क विकून टाकतो.

बंधू-भगिनींनो, आपला दीन बाजारातल्या व्यवहाराबाबत गप्प बसलेला नाही. कुराण शरीफच्या त्र्याऐंशीव्या सूरेचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे. घेण्याचा इरादा नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे, ज्याला 'नज्श' म्हणतात, त्याला हदीसमध्ये मनाई आहे. आधी किंमत फुगवायची आणि मग ती खोडून सूट दाखवायची, हा प्रकार मला त्याच्याच जवळचा वाटतो. आपल्यापैकी जे दुकानदार आहेत त्यांनी यावर विचार करावा. आणि ग्राहकांसाठी इसराफची, म्हणजे उधळपट्टीची मनाई आहेच. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली बिनगरजेची वस्तू ही स्वस्तातली का होईना, उधळपट्टीच. आणखी एक सांगतो. मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, दारावर भाजी घेऊन आलेल्या बाईशी मात्र दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. बचतीची सुरुवात तिच्या टोपलीपासून करू नये.

मग खरा, हक्काचा रिबेट कोणता? त्यासाठी इतिहासाकडे वळतो, कारण तो माझा विषय आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ च्या डिसेंबरात अठ्ठावीस जणांनी मिळून एक लहानसे दुकान काढले. त्यांत विणकर होते, इतर कारागीर होते. पीठ, लोणी, साखर असा मोजका माल होता. माप चोख, माल शुद्ध, आणि जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत, असा त्यांचा नियम होता. ग्राहकाला भुलवून पुन्हा बोलावण्यासाठी दिलेले ते कूपन नव्हते. तो त्याचाच पैसा त्याला परत मिळत होता. आपल्या महाराष्ट्रात १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने निराळी वाट काढली. शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करायचे, महिन्याची मागणी एकत्र करायची, माल घाऊक घ्यायचा आणि वाटून घ्यायचा. दुकान नाही, पाटी नाही, कूपन नाही, तरी सवलत मिळते. कारण अनेक जण एकत्र आले की त्यांच्या मागणीलाच किंमत येते.

हे आपल्याला का जमू नये? माझी सूचना अगदी साधी आहे. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक वर्गातले पालक वह्यांची संख्या लिहून देतील. तीन घाऊक व्यापाऱ्यांकडून लेखी भाव मागवावेत. पाने किती, कागद कसा, हे ताडून पाहावे. पालकांची एक समिती खरेदी करील आणि बिल शाळेच्या फलकावर लावील. यात कोणावर सक्ती नसावी. ज्याला बाहेरून घ्यायच्या असतील त्याने खुशाल घ्याव्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या, पेन्सिली आणि खोडरबरांवरचा जीएसटी शून्यावर आला. तो फायदा आपल्यापर्यंत पोहोचतो की वाटेत मुरतो, हेही एकत्र खरेदीतच नीट कळेल.

शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. वाचलेले दोनशे रुपये कुठे दिसतात? जिथे आपण ठेवू तिथेच दिसतात. बाजूला न ठेवलेली सूट संध्याकाळपर्यंत दुसऱ्या खर्चात विरून जाते. त्या तासानंतर आम्ही घरी एक डबा ठेवला आहे. ज्या दिवशी खरी सूट मिळेल, त्याच दिवशी बिलावरचा तो आकडा नोटांच्या रूपात डब्यात जातो. मुलाला बिल वाचायला लावतो आणि पैसे त्याच्याच हाताने टाकायला लावतो. पहिल्या महिन्यात डब्यात फार थोडे पडले. तेव्हा समजले की आजवर ज्याला आम्ही सूट समजत होतो त्यातली बरीचशी सूट नव्हतीच. पण या जून महिन्यात पुस्तकांसाठी मला कोणाकडे मागावे लागले नाही.

पालकहो, आपल्यापैकी पुष्कळांची मिळकत मोजकी आहे, हे मी जाणतो. कोणाला बोल लावण्यासाठी मी उभा नाही. पण फीची तारीख आली की काही मुले मान खाली घालून माझ्यासमोर उभी राहतात, आणि त्यांतले एखादे मूल पुढच्या वर्षी वर्गात दिसत नाही. सगळी कारणे पैशाची नसतात, आणि सगळे पैसे सवलतीत गेलेले नसतात. तरीही जे चारशे-पाचशे रुपये एखाद्या पाटीच्या मोहाने जातात, ते त्या मुलाच्या वह्यांना पुरले असते. म्हणून घरात एक डबा ठेवा, त्यावर मुलाचे किंवा मुलीचे नाव लिहा, आणि पुढच्या वेळी "किती सूट मिळाली?" असे न विचारता "डब्यात किती पडले?" असे विचारा.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि ती योग्य ठिकाणी खर्च करण्याची सद्बुद्धी देवो.  

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.