राजधान्या घोकूं नका, नकाशा वाचा!

(कोपर येथील पालकांच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मागल्या आठवड्यांत एका पालकांनीं आम्हांस तोंडावर विचारलें, "मास्तर, आसामची राजधानी दिसपूर, हें घोकून आमच्या पोरीला भाकर मिळणार आहे काय?" प्रश्न वाजवी आहे. दोष असलाच तर तो आम्हां शिक्षकांचा. २८ राज्यें व ८ केंद्रशासित प्रदेश आम्ही मुलांकडून स्तोत्रासारखे म्हणवून घेतों. पण राजधानी म्हणजे काय, तें सांगत नाहीं. भटजीनें न समजणारा मंत्र म्हटला तर आम्ही हंसतों, आणि शाळेंत तेंच करितों!

राजधानी म्हणजे जेथें बसून आपल्याविषयीं कायदे करितात तें शहर. आपल्या पोरीला सहा ते चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं दिल्लीस झाला. मंत्रालय मुंबईस आहे. कोंकण विभागाचे आयुक्त नवी मुंबईंत बेलापुरास बसतात. कलेक्टरकचेरी ठाण्यास, तहसिलदार व महानगरपालिका कल्याणास. हा एक जिना आहे. ज्यास त्याच्या पायऱ्या ठाऊक नाहींत, त्यास प्रत्येक पायरीवर दलाल भेटतो. पूर्वीं कुळकर्ण्याच्या दप्तरांत काय लिहिलें आहे हें न कळल्यामुळें कुणबी नागवला गेला. आज कोणतें काम कोणत्या गांवीं होतें हें न कळल्यामुळें त्याचाच नातू नागवला जातो.

म्हणूनच महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळेंत मोडी, बाळबोध, हिशेब व शेतीचें ज्ञान यांबरोबर इतिहास आणि भूगोलही मागितला. नांगर धरणाऱ्याच्या मुलास भूगोल कशाला, असें त्यांस वाटलें नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्या. नकाशा ब्रह्मदेवानें लिहिलेला नाहीं. या कोपर गांवानें जागचें न हलतां मुंबई इलाखा पाहिला, १९५६ चें द्विभाषिक राज्य पाहिलें, आणि लोकांनीं झगडून मिळविलेला १ मे १९६० चा महाराष्ट्रही पाहिला. २०१४ सालीं तेलंगण निराळें झालें. त्याच सालीं आपला ठाणे जिल्हा दुभंगला, व जव्हारचा जो माणूस कामासाठीं ठाण्यास येत असे, तो पालघरास जाऊं लागला. माणसांनीं ओढलेली रेघ माणसेंच बदलतात. हें ज्या मुलास कळलें, तें जातीच्या रेघेलाही अढळ मानणार नाहीं.

मग शिकवावें कसें? मुलास कोपर स्टेशनांत न्या. येथें रुळांचे दोन मजले आहेत. खालची वाट मुंबईहून कल्याणास जाते. तेथें ती दुभंगते. एक फांटा कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. वरच्या मजल्यावरची गाडी दिव्याहून येते आणि उल्हास नदी ओलांडून भिवंडीवरून वसईस जाते; तिच्यापुढें गुजरात. गुजरात आला कीं राजधानी विचारा : अहमदाबाद नव्हे, गांधीनगर! दिव्याहूनच दुसरी वाट पनवेलवरून कोंकणांत व गोव्यांत जाते, तेथें पणजी. पुढें चंदिगड विचारा : एकच शहर, पंजाब व हरयाणा या दोन राज्यांची राजधानी! मग खाडीकडे वळा. हें पाणी सह्याद्रींत उगम पावून वसईच्या खाडीनें अरबी समुद्रास मिळतें. जें मूल देशाच्या साऱ्या राजधान्या सांगतें आणि घरामागच्या नदीचें नांव सांगत नाहीं, तें शिकलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

आमची विनंति दोनच गोष्टींची. घरांत देवाच्या तसबिरी पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारीं भारताचा एक नकाशा लावा. आणि घरीं सरकारी कागद आला कीं तो मुलीच्या हातीं द्या व विचारा, "हा कोठून आला? याची दाद कोठें मागावयाची?" ती नकाशावर बोट ठेवील त्या दिवशीं त्या पालकांच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें असें समजा.

एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों. सत्यमेव जयते!