थेरपिस्ट ‘घरची’ होते तेव्हा

आजचा विषय आपल्या नेहमीच्या टेक गप्पांपेक्षा जरा बाजूचा आहे. ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम करणारे बिहेविअर ॲनालिस्ट, मराठीत वर्तन विश्लेषक म्हणू, आणि त्या मुलांच्या घरची माणसं यांच्यात अंतर किती असावं, हा तो विषय. मी थेरपिस्ट नाही, हे आधीच सांगतो. बीटेक केलंय, कोड लिहितो. पण गेली तीन वर्षं मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतोय, ते अमेरिकेतली थेरपी सेंटर्स वापरतात. सेशनच्या नोंदी, ग्राफ, वेळापत्रक, पालकांशी संपर्क, सगळं त्यात. त्यामुळे या पेशाची आचारसंहिता मला वाचावी लागली, आणि वाचताना पुण्या-नाशिकची घरंच डोळ्यासमोर येत राहिली.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखादं वागणं घडण्याआधी काय होतं, नेमकं काय घडतं आणि त्यानंतर मुलाला काय मिळतं, हे मोजायचं. ‘नंतर काय मिळतं’ ते बदललं की वागणं बदलतं. एबीए म्हणतात ते हेच. हे काम बऱ्याचदा घरी चालतं. आठवड्याला दहा-पंधरा तास, कुठेकुठे त्याहून बरेच जास्त. म्हणजे थेरपिस्ट तुमच्या स्वयंपाकघरात असते, तुमची भांडणं तिला ऐकू येतात, दूधवाल्याचं बिल थकलंय हेही तिला कळतं. डॉक्टरच्या केबिनमध्ये टेबल मध्ये असतं. इथे टेबलच नाही.

मी या विषयात पडलो ते एका फीचरमुळे. एका सेंटरची मागणी आली की पालकांना थेरपिस्टला कधीही थेट मेसेज करता यावा. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. आमच्या क्लिनिकल सल्लागार मूळच्या नाशिकच्या, आता न्यू जर्सीत असतात. त्यांनी कॉलवर एवढंच विचारलं, “रात्री साडेअकराला आईचा मेसेज आला आणि थेरपिस्टनं लगेच उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात काय होईल?”

काय होणार? आणखी मेसेज. उत्तर हेच बक्षीस. मग एक दिवस थेरपिस्ट कंटाळते आणि उत्तर देणं बंद करते. बक्षीस अचानक थांबलं की वागणं लगेच कमी होत नाही, आधी उसळतं. लिफ्ट आली नाही की आपण बटण पाच वेळा दाबतो ना, तसं. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. आई दहा मेसेज करते, रागावते. दहाव्याला थेरपिस्ट विरघळते आणि उत्तर देते. आता आई काय शिकली? दहा वेळा केलं की मिळतं. कधी मिळणारं, कधी न मिळणारं बक्षीस सगळ्यात चिवट सवय लावतं. हे सगळं थेरपिस्ट मुलाच्या बाबतीत रोज शिकवते, पण आपल्याच फोनच्या बाबतीत विसरते.

म्हणून मर्यादा पहिल्या दिवशी सांगायची. सहा महिन्यांनी सांगितली तर ती शिक्षेसारखी लागते. अमेरिकेतली प्रमाणपत्र देणारी संस्था बीएसीबी, १९९८ साली सुरू झालेली. तिची सध्याची संहिता १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात भेटवस्तूंचा नियम आहे, तो घराला सुरुवातीलाच सांगावा, असंही लिहिलंय. आधीच्या संहितेत भेटवस्तू पूर्ण बंद होत्या. आता १० डॉलरपर्यंतची, किंवा आपापल्या देशात तेवढ्या क्रयशक्तीची वस्तू चालते. मात्र ती क्वचित दिलेली, कृतज्ञतेपोटी दिलेली हवी. छोट्या छोट्या वस्तू सतत येत राहिल्या तर तेही चालत नाही. प्रेमसंबंधांबद्दल तर काम संपल्यावरही दोन वर्षं थांबा, असं स्पष्ट आहे.

मला विचाराल तर जुना नियम आपल्या घरांत एक दिवस टिकला नसता. ‘चहा न घेता कशा जाल?’ याला ‘आमच्या कोडमध्ये बसत नाही’ हे उत्तर कोण देणार? पण दहा डॉलरचा आकडा धरून बसण्यातही अर्थ नाही. याच शास्त्राची पद्धत वापरा: वस्तू काय आहे ते सोडा, ती कशासाठी आली ते बघा. दिवाळीला डब्यातून चार लाडू आले, विषय संपला. पण साडी आली आणि पाठोपाठ “ताई, रिपोर्टमध्ये तास जरा वाढवून लिहा ना” असं आलं, तर? अमेरिकेत त्या रिपोर्टवर इन्शुरन्सचे तास ठरतात. साडी दोनशेची असो की दोन हजारांची, काम तेच करते.

आणि मग मुख्य गोष्ट. सल्लागारांनी नाव-गाव बदलून एक केस सांगितली. थेरपिस्ट त्या घरात अगदी मिसळली होती. वाढदिवसाला हजर, शनिवारी धाकट्यालाही सांभाळायची, आजींच्या हातचं जेवायची. इकडे ग्राफमध्ये मोठ्याचं रडणं आठवड्यामागून आठवडे वाढतंय. कारण नोंदींतच होतं: तो रडला की आजी मोबाइल हातात देतात. हे आजींना सांगायचं कसं? ज्यांनी काल आग्रह करून तिसरी पोळी वाढली, त्यांना? थेरपिस्टच्या नोंदी मऊ होत गेल्या. ‘घरातील इतर घटक’, ‘निरीक्षण चालू आहे’ असली वाक्यं. सहा आठवडे.

त्या घरात तिचा क्लायंट कोण होता? तो पाच वर्षांचा मुलगा. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं साडी दिली नाही, चहा विचारला नाही, तक्रारही केली नाही. गोडवा सगळा मोठ्यांचा आपसातला, आणि किंमत त्यानं मोजली.

भारतात हे आणखी निसरडं आहे. बीएसीबीनं २०२३ पासून अमेरिका, कॅनडा असे मोजके देश सोडून बाहेरच्यांना नवी प्रमाणपत्रं देणं थांबवलं. आपल्याकडे २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत बिहेविअरल ॲनालिस्ट हा शब्द आलाय, पण यादीत नाव असणं वेगळं आणि पुण्यातल्या एखाद्या आईला तक्रारीसाठी दार माहीत असणं वेगळं. तोवर पहिल्या दिवशीचा एक साधा कागद, दोघांच्या सह्यांचा, हाच आधार. फोन कोणत्या वेळात, भेटवस्तूंचं काय, लग्नामुंजीची बोलावणी आली तर काय, सुट्टीच्या दिवशी मूल सांभाळायचं का, मुलाचे फोटो कुठे जाणार.

फीचरचं पुढे काय झालं? मेसेजची पेटी सेंटर ठरवेल त्याच वेळात उघडते. मेसेज थेरपिस्टच्या खासगी नंबरवर जात नाही, टीमकडे जातो आणि सुपरवायझरला दिसतो. वेळ संपल्यावर उत्तर कधी मिळेल ते आणि तातडीचा नंबर दिसतो. सेल्सवाल्यांना पालकांसाठी ‘आमच्याबद्दल दोन शब्द लिहा’ अशी खिडकीही हवी होती, जाहिरातीत वापरायला. चालू क्लायंटकडे जाहिरातीसाठी असं मागणं संहितेत बसत नाही. बरोबरच आहे. सोमवारी मूल ज्यांच्या हवाली करायचंय, त्यांना नाही कोण म्हणेल? ती खिडकी आम्ही काढली. सेल्सवाले अजून कुरकुरतात.

त्या घराचं सांगायचं राहिलं. मर्यादा आधीच ओलांडली गेली असेल तर एकदम दार आपटायचं नसतं, एक वाट बंद करताना दुसरी उघडून द्यायची असते. थेरपिस्टनं सगळं सुपरवायझरला सांगितलं. शनिवारचं सांभाळणं थांबलं, त्या बदल्यात दर शुक्रवारी पंधरा मिनिटांचा ठरलेला फोन सुरू झाला. आईचे रात्रीचे मेसेज दोन आठवडे वाढले, मग ओसरले. मोबाइलचं सुपरवायझरनं सांगितलं, थेट ग्राफ समोर ठेवून, थेरपिस्ट शेजारी बसलेली असताना. आजींनी चष्मा लावून ती चढती रेघ पाहिली, आणि थेरपिस्टकडे वळून म्हणाल्या, “अगं, मग तेव्हाच सांगायचंस की. मला काय माहीत?”